ध्वनिवर्धक आणि शेजारधर्म

ध्वनिवर्धकाविषयी कोणी लिहावयास बसला म्हणजे तो तक्रार करणार, हे वाचक पहिल्याच ओळीस ताडतो. आणि लेखक पन्नाशी उलटलेला, प्राध्यापकी पेशाचा व घाटकोपरासारख्या उपनगरात राहणारा आहे असे कळल्यावर तर त्या तक्रारीचा मजकूरही त्यास पाठ असल्यासारखा वाटतो. वाचकांची ही भीती सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू एका प्रश्नाचा उलगडा करून पाहण्याचा आहे. तो प्रश्न असा की, आवाज हा कोठपर्यंत बोलणे असतो आणि कोठून पुढे तो निव्वळ बळ होतो; आणि एकदा तो बळ झाला म्हणजे ते बळ वापरणाराच्या माथी कोणते कर्तव्य येऊन पडते. या प्रश्नाचा विचार गल्लीतल्या कर्ण्यापासून सुरू केला तर राग आड येतो. म्हणून जगातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या कर्ण्यांपासूनच आम्ही प्रारंभ करतो. त्यांच्यावर रागावण्याचे कोणास कारण नाही; कारण ते कोणीच ऐकत नाही.

अग्निबाण जमीन सोडतो तेव्हा त्याच्या तळातून सुटणाऱ्या वायूच्या झोताचा जो गडगडाट होतो, तो टोकाशी जपून ठेवलेल्या उपग्रहास खिळखिळा करण्याइतका प्रखर असतो. उपग्रहाचे सूर्यपंख आणि बशीच्या आकाराच्या अँटेना आकाराने विस्तीर्ण परंतु वजनाने हलक्या असतात; आवाजाच्या लाटा आदळल्या म्हणजे डफाच्या कातड्याप्रमाणे त्या थरथरू लागतात आणि कोठे सांधा निखळण्याचा, कोठे तार तुटण्याचा संभव उत्पन्न होतो. बरे, वर गेलेल्या उपग्रहाची दुरुस्ती करावयास सुतार-लोहार धाडता येत नाहीत. तेव्हा जो मार त्यास पुढे खावयाचा आहे, तोच जमिनीवर आधी देऊन पाहणे एवढाच मार्ग उरतो. यासाठी बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज या संस्थेत १,१०० घनमीटरांचे एक दालन बांधलेले आहे आणि आपल्या इस्रोचे कित्येक उपग्रह त्या दालनातून पार पडून मग आकाशाच्या वाटेस लागले आहेत. हॉलंडमधील नोर्डवाइक येथे युरोपीय अंतराळ संस्थेचे असेच दालन आहे. ते ११ मीटर रुंद, ९ मीटर खोल व १६.४ मीटर उंच असून तेथे १५४ डेसिबलांच्याही वर आवाज करता येतो. अमेरिकेत ओहायो संस्थानात नासाने उभारलेल्या दालनात ३६ कर्णे असून त्यांची योजना १६३ डेसिबलांपर्यंतची आहे.

हे आकडे नुसते वाचून काही बोध होत नाही, म्हणून थोडे अंकगणित करणे भाग आहे. डेसिबल ही मोजणी शेर-मापट्याच्या चालीची नाही. तीत दर दहा अंकांस आवाजाची तीव्रता दहापट होते. वस्तीच्या भागात दिवसा ५५ डेसिबल आवाज असावा असा आपल्याकडील नियम आहे. त्या दालनातला आवाज यापेक्षा सुमारे शंभर डेसिबलांनी अधिक, म्हणजे जवळजवळ एक हजार कोटी पट तीव्र झाला. दुसऱ्या रीतीनेही हे पाहता येईल. १९६० नंतरच्या काळात अमेरिकेत वाईल नावाच्या प्रयोगशाळेने या कामासाठी जे कर्णे तयार केले, त्यांपैकी एका प्रसिद्ध नमुन्याची आवाजी शक्ती ३०,००० वॉट मानलेली आहे. आपण साधे बोलत असतो तेव्हा आपल्या मुखातून निघणाऱ्या आवाजाची शक्ती एका वॉटचा सुमारे एक लक्षांश असते. म्हणजे तो एकटा कर्णा तीनशे कोटी माणसांच्या एकसमयावच्छेदेकरून चाललेल्या संभाषणाबरोबरीचा झाला. हवेत आवाज किती चढू शकतो यालाही सृष्टीने एक हद्द घालून ठेवली आहे. १९४ डेसिबलांच्या सुमारास लाटेच्या खोलगट भागात हवाच उरत नाही, निर्वात पोकळी होते, आणि तेथून पुढे ज्यास आपण आवाज म्हणतो तो आवाज राहत नाही.

एवढे प्रचंड बळ कागदी पडद्याच्या साध्या स्पीकरातून निघणे शक्य नाही. पडदा फाटेल अथवा आतले तारेचे वेटोळे जळून जाईल. म्हणून या कर्ण्यांची रचनाच निराळी असते. दाबाखाली भरलेला वायू, बहुधा नायट्रोजन, एका झडपेतून सोडतात आणि विजेने ती झडप क्षणाक्षणास उघडझाप करीत राहते. बळ सगळे वायूचे. विजेकडे काम नळाच्या तोटीवर बसलेल्या माणसाचे. वाचकांस हे फार आधुनिक वाटेल, पण ही युक्ती सव्वाशे वर्षांची जुनी आहे. होरेस शॉर्ट या इंग्रज कारागिराने १८९८ साली तिचा हक्क नोंदविला आणि वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांनी तो विकत घेऊन 'ऑक्झेटोफोन' नावाचे यंत्र सिद्ध केले. ग्रामोफोनच्या सुईने एक नाजूक झडप हलवावयाची आणि दाबलेल्या हवेने गवयाचा आवाज सबंध सभागृहभर पोचवावयाचा, असा तो खटाटोप होता. ज्या युक्तीचा जन्म गाणे ऐकविण्यासाठी झाला, ती अखेर जेथे ऐकणाराच नसतो अशा जागी जाऊन स्थिरावली, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावणारी वाटते.

कारण त्या दालनात खरोखरच कोणी नसते. नोर्डवाइक येथील भिंती अर्धा मीटर जाडीच्या व पोलादी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या आहेत. सबंध दालन रबराच्या गाद्यांवर टेकविले आहे, जेणेकरून आतला हादरा बाहेरच्या इमारतीस पोचू नये. आणि सर्व दारे बंद झाल्यावाचून यंत्र मुळी सुरूच होत नाही. आत वाजविला जातो तो ना राग, ना शब्द, ना घोषणा. सर्व लहानमोठ्या स्वरांची ठराविक प्रमाणात केलेली ती एक खिचडी असते. अर्थ नाही, श्रोता नाही, उरले ते निखळ बळ. ते एकदोन मिनिटे चालते आणि मग दार उघडून माणसे आत जातात, खिळे-सांधे तपासतात. आमच्या मते या व्यवहारात एक प्रामाणिकपणा आहे. येथे आवाजास कोणी संगीत म्हणत नाही, भक्ती म्हणत नाही, मतप्रचार म्हणत नाही. तो मारा आहे हे आधीच मान्य केलेले असते, आणि मान्य केल्यामुळेच दारास खटका बसविलेला असतो.

ध्वनिवर्धकाचे दुसरे घराणे याहून अगदी वेगळ्या वंशाचे आहे, आणि त्याचा विसर पडू देणे अन्यायाचे होईल. १९१५ साली कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम या दोघांनी विजेवर चालणारा बोलका कर्णा लोकांपुढे वाजवून दाखविला. १९१९ साली सॅन दिएगो येथे अध्यक्ष विल्सन यांनी सुमारे पन्नास हजारांच्या समुदायापुढे त्याच्या साहाय्याने भाषण केले. आपल्याकडे हे काम मुंबईच्या 'शिकागो रेडिओ' या पेढीने केले. पेढीचे नाव अमेरिकन असले तरी मालक मोटवाने हे सिंधी कुटुंब होते. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये नानिक मोटवाने यांनी ध्वनिक्षेपक लावले आणि पुढे गांधी-नेहरूंच्या सभांच्या छायाचित्रांत वक्त्याच्या मुखासमोर त्या पेढीच्या नावाची पट्टी दिसू लागली. १९४२ साली मुंबईत उषाबेन मेहता प्रभृतींनी जे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र चालविले, त्याच्या खटल्यात हेच मोटवाने आरोपी होते व पुढे निर्दोष सुटले. त्या काळच्या सभांचा विचार करावा. दूर कोपऱ्यात बसलेल्या, चप्पल उशाशी घेऊन आलेल्या खेडुतास पुढाऱ्याचा क्षीण आवाज, त्यातला खोकलासुद्धा, शेजारी बसून बोलावे तसा ऐकू येऊ लागला. तोपर्यंत सार्वजनिक वक्तृत्व हे ज्याची छाती दणकट त्याचे होते. यंत्राने ते ज्याचे म्हणणे सकस त्याचे केले. या घराण्यात आवाज वाढवावयाचा तो अर्थ शेवटच्या मनुष्यापर्यंत पोचावा म्हणून, आणि ऐकणारा आपल्या पायांनी चालत आलेला असे, आपल्या पायांनी उठून जाऊ शकत असे.

या दोन घराण्यांच्या मध्ये एक तिसरे आहे. त्यात आवाज बळ म्हणून वापरतात आणि दार मात्र जाणूनबुजून उघडे ठेवतात. याचे शिक्षण रणांगणावर झाले. १९४४ साली फ्रान्समध्ये अमेरिकन सैन्याच्या एका खास तुकडीने गाड्यांवर पाचपाचशे पौंडांचे कर्णे चढवून रणगाड्यांच्या ध्वनिमुद्रित घरघराटाने जर्मनांस चकविले. तो आवाज पंधरा मैलांवर जाई असे म्हणतात. ती फसवणूक होती, पण तीत निदान ऐकणाराने काहीतरी समजून घ्यावे अशी अपेक्षा होती. १९८९ च्या डिसेंबरात पनामात जे घडले ते याच्याही पुढचे. तेथील हुकूमशहा नोरिएगा याने पोपच्या वकिलातीचा आश्रय घेतला तेव्हा अमेरिकन सैनिकांनी बाहेर ध्वनिवर्धक उभारून दिवसरात्र कर्कश रॉक संगीताचा भडिमार चालविला. ती गाणी तीच होती जी अमेरिकेतले तरुण दाम मोजून ऐकतात. गाण्यात फरक पडला नव्हता. फरक एवढाच पडला की, ऐकणारास उठून जाता येत नव्हते. आणि तेवढ्या एका गोष्टीने गाण्याचे वेढ्यात रूपांतर झाले. वकिलातीतल्या ज्या पाद्र्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता, त्यांच्या झोपेचाही त्यात बळी गेला.

आता वाचकांनी आमच्याबरोबर घाटकोपरास यावे. आमच्या उपनगरास आवाजाची वाण कधीच नव्हती. मुंबई विमानतळाच्या मोठ्या धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने आमच्या डोक्यावरून जातात. लोहमार्गाने गावाचे दोन भाग केले आहेत. द्रुतगती मार्ग रात्रीही झोपत नाही. 'परीक्षण' हा शब्दही घाटकोपरकरांस परका राहिलेला नाही. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले एक लहान विमान येथल्या वस्तीत एका बांधकामाच्या जागेवर कोसळले आणि आतील चौघांबरोबर रस्त्याने जाणारा एक पादचारीही प्राणास मुकला. विमानातले चौघे चाचणीस निघाले आहोत हे जाणून निघाले होते. त्या पादचाऱ्यास कोणी विचारले होते? चाचणी करावयाची ती दार लावून, हा जो प्रयोगशाळेचा दंडक, त्यामागचे नीतितत्त्व या प्रश्नात आले आहे.

आणि दरवर्षी श्रावण सरला की आमच्या रस्त्यावर जी चाचणी सुरू होते, तीस दार मुळीच नसते. पूर्वी मंडपाच्या खांबास एखादा कर्णा बांधीत. तो किंचाळे, पण त्याचा आवाज वरच्यावर जाई. आता टेम्पोवर 'बेस' आणि 'टॉप' यांच्या पेट्या एकावर एक रचून भिंत उभी करतात. या भिंतीचा आवाज कानापेक्षा छातीस आधी कळतो. खिडकीची तावदाने खडखडतात, मांडणीवरची भांडी सरकतात, पाळण्यातले मूल दचकून रडू लागते व ते रडते आहे हे त्याच्या आईस दिसते पण ऐकू येत नाही. गाण्याचे शब्द त्या भिंतीपाशी केव्हाच नाहीसे झालेले असतात. उरतो तो ठोका. आमचे म्हणणे असे की, या बिंदूपाशी आवाजाने आपले घराणे बदललेले असते. नाव अजून उत्सवाचे, गाणे अजून देवाचे किंवा महापुरुषाचे. पण जात आता प्रयोगशाळेच्या त्या कर्ण्यांची, आणि तीही खटका काढून टाकलेली.

आवाजाविरुद्ध बोलणाऱ्या तत्त्ववेत्त्यांची परंपरा जुनी आहे, पण तिच्यात जाऊन बसण्याची आमची इच्छा नाही. शोपेनहौअरने १८५१ साली चाबकाच्या फटकाऱ्यांवर एक त्राग्याचा निबंध लिहिला आणि गोंगाट सहन करण्याची शक्ती बुद्धीच्या व्यस्त प्रमाणात असते असा सिद्धांत ठोकून दिला. हा सिद्धांत विद्वानांस फार गोड लागतो, यातच त्याचे वैगुण्य आहे. गिरणीत आयुष्य घालविलेला कामगार भोंग्याखाली झोपतो, म्हणून तो मंदबुद्धी ठरत नाही. त्यास दुसरी जागा मिळाली नाही इतकेच सिद्ध होते. कांट यापेक्षा अधिक समंजस. १७९० सालच्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की संगीतात शिष्टाचाराची थोडी उणीव असते, कारण ते शेजाऱ्यावर न विचारता पसरते. जसा एखाद्याने अत्तराचा रुमाल खिशातून काढला म्हणजे सगळ्यांनाच तो वास घ्यावा लागतो. येथे बुद्धीचा प्रश्न नाही, शेजाऱ्याच्या अनुमतीचा आहे. आपल्या नैयायिकांनी तर यापूर्वी कित्येक शतके याचे मूळच दाखवून ठेवले आहे. शब्द हा आकाशाचा गुण, आणि श्रोत्र म्हणजे तरी काय, तर कर्णविवराने मर्यादित झालेले तेच आकाश. पदार्थविज्ञान म्हणून हे मत आज कोणी मानणार नाही. पण शेजारधर्माचे सूत्र म्हणून आम्हांस ते फार अर्थपूर्ण वाटते. माझ्या कानातले आकाश आणि तुमच्या मंडपातले आकाश यांच्यामध्ये कुंपण नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. आक्षेप घेणारा म्हणतो: प्राध्यापकमहाशय, तुम्हांस शांतता प्रिय आहे, कारण तुमचे म्हणणे शांततेतही ऐकले जाते. ज्यांचे म्हणणे वर्षभर कोणी ऐकत नाही, ज्यांस दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांनी राहावे लागते, ज्यांस दिवाणखाना नाही, बाग नाही, क्लब नाही, त्यांनी वर्षातले चार दिवस रस्ता आपला केला तर तेवढेही तुम्हांस खपत नाही काय? घाटकोपरात राहून हा आक्षेप झटकून टाकणे शक्य नाही. याच घाटकोपरात, रमाबाई आंबेडकर नगरात, ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या व दहा माणसे मारली गेली. ज्या वस्तीच्या आक्रोशास हे उत्तर मिळाले, त्या वस्तीस कोणी हळू बोलण्याचा उपदेश करू लागला तर तो उपदेश तिने संशयाने ऐकावा यात नवल काय? शिवाय असेही दिसते की एका आळीच्या वरातीचा बँड ज्यांस मंगल वाटतो, त्यांसच दुसऱ्या आळीची जयंती गोंगाट वाटते. आवाजाविषयीच्या तक्रारीत पुष्कळदा माणसांविषयीचीच तक्रार लपलेली असते. ही लबाडी आमच्याच वर्गात अधिक आढळते, हे आम्ही स्वच्छ नमूद करतो.

तथापि आक्षेपाचा सगळा जोर मान्य करूनही आम्हांस एक गोष्ट विचारावीशी वाटते: त्या भिंतीच्या सर्वांत जवळ कोण असतो? उंच इमारतीतल्या गृहस्थाने दुहेरी काचेच्या खिडक्या बसविल्या आहेत. त्याने आपल्यापुरते दार विकत घेतले आहे. उत्सवाच्या दिवसांत तो गाडी काढून लोणावळ्यास जातो. भटवाडीच्या किंवा असल्फ्याच्या चढणीवर पत्र्याच्या भिंतीआड जो राहतो, त्यास ना काच, ना लोणावळा. रात्रपाळी करून आलेला पहारेकरी, दहावीच्या परीक्षेस बसलेली मुलगी, नुकतीच बाळंत झालेली बाई, हृदयविकाराचा म्हातारा ही सगळी माणसे त्याच वस्तीची, त्याच मंडळाची, त्याच देवाची असतात. आवाज गरिबांचा उत्सव आहे हे खरे. तो मारा प्रथम गरिबांवरच होतो हेही तितकेच खरे. आणि ज्याच्यावर तो होतो, त्यास तक्रार करण्याची सोय सर्वांत कमी. उंच इमारतीतला गृहस्थ पोलिसांस दूरध्वनी करतो. चाळीतला म्हातारा तो करू शकत नाही, कारण मंडळाचा सचिव त्याचा पुतण्या असतो, आणि आजारपणात याच पोरांनी त्यास उचलून राजावाडी रुग्णालयात नेलेले असते.

या म्हाताऱ्याच्या मौनाचा अर्थ काय लावावयाचा, यावर आमच्या मते सगळा प्रश्न येऊन ठेपतो. मंडळ म्हणते, त्याने वर्गणी दिली, प्रसाद घेतला, कधी चकार शब्द काढला नाही. अर्थात् त्याची संमती आहे. परंतु संमतीस अर्थ येतो तो 'नाही' म्हणण्याची वाट मोकळी असली तरच. जेथे 'नाही' म्हणणारा क्षणात धर्माचा वैरी, जातीचा द्रोही किंवा नुसता खडूस ठरतो, तेथे गप्प बसणे हा होकार नव्हे. मिल्लने १८५९ साली स्वातंत्र्याची मर्यादा दुसऱ्याच्या अपायापाशी आखली; पण त्याच्या डोळ्यांसमोर समाजाने छळलेली एकटी व्यक्ती होती. येथे अपाय करणारा आणि सोसणारा एकाच पंगतीस जेवतात, आणि सोसणारास आपल्याला अपाय झाला हे कबूल करण्याचीही लाज वाटते. सहनशीलता हा आपल्याकडे मोठा सद्गुण मानला आहे व तो आहेही. मात्र तो ज्याचा त्याने अंगी बाणवावयाचा असतो. दुसऱ्याच्या खात्यावर तो खर्ची टाकता येत नाही. आपल्या जपाच्या शास्त्रात मोठ्याने केलेल्या जपाहून पुटपुटलेला श्रेष्ठ आणि त्याहूनही मनातल्या मनात केलेला श्रेष्ठ, अशी चढण लावून दिलेली आहे. आज नेमके तिच्या उलट चढून जाण्यात भक्ती मानावी, हे कोणत्या गुरूने शिकविले न कळे.

कायद्याने आपले काम पुष्कळसे केले आहे. २००० सालच्या नियमांनी वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले, आणि वर्षातले काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा सरकारकडे ठेवली. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भाषणस्वातंत्र्यात दुसऱ्यास ऐकावयास भाग पाडण्याचा हक्क येत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा धर्मस्वातंत्र्याचा भाग नसल्याचा निर्वाळा दिला. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयापुढे आमच्या शेजारच्या कुर्ल्याचे प्रकरण आले. तक्रार मशिदींवरील ध्वनिक्षेपकांची होती. न्यायालयाने मात्र ध्वनिक्षेपक हा कोणत्याच धर्माचा अनिवार्य भाग नाही असे सर्वांनाच लागू पडणारे तत्त्व सांगितले. या निकालातल्या दोन गोष्टी आम्हांस विशेष महत्त्वाच्या वाटतात. एक ही की, तक्रार करणाराचे नाव पोलिसांनी उघड करू नये, असे न्यायालयास सांगावे लागले. ज्या समाजात 'जरा हळू लावा' एवढे म्हणणारास नाव लपवावे लागते, त्याच्या शेजारधर्माविषयी आम्ही वेगळे काय लिहावे? दुसरी ही की, आवाज ठराविक मर्यादेवर जाऊच नये अशी काही योजना यंत्रातच बसविता येईल काय, याचा सरकारने विचार करावा असे न्यायालयाने सुचविले.

ही दुसरी सूचना म्हणजे नोर्डवाइकच्या दारावरचा खटकाच होय. आमच्या एका तत्त्वचिंतक मित्रांस ती फारशी रुचली नाही. त्यांचे म्हणणे, ज्या संयमात मनुष्याचा संकल्प नाही, त्यास नैतिक मोल नाही. यंत्राने हळू वाजविले तर मंडळाच्या कार्यकर्त्यांचे पुण्य ते काय? कांटच्या शिष्यास हे म्हणणे शोभण्यासारखे आहे. पण रात्री अकरा वाजता जे मूल झोपू पाहते, ते शेजाऱ्याचा संकल्प शुद्ध आहे की यांत्रिक, याची चौकशी करीत नाही. शिवाय प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांस माणुसकी नव्हती म्हणून तेथे खटका बसविलेला नाही. माणुसकी असलेला मनुष्यही एखादे दिवशी थकतो, घाईत असतो, दार उघडे विसरतो, हे ओळखून त्यांनी तो आपण होऊन बसविला. आपल्या हातून काय होऊ शकते हे शांत डोक्याने आधी ओळखणे, हाही संकल्पच आहे. ढोलाच्या तालावर रक्त उसळलेले असताना वीस वर्षांच्या पोराने बटण मागे फिरवावे अशी अपेक्षा करण्यापेक्षा, मिरवणुकीच्या महिनाभर आधी मंडळाच्या बैठकीत ते बटण कोठवर फिरेल हे ठरविणे अधिक शहाणपणाचे, व आमच्या समजुतीप्रमाणे अधिक धार्मिकही. काही मंडळांनी पुन्हा लेझीम जवळ केली आहे. तिचा आवाजही काही लहान नसतो, पण वाजविणाराचे हात दुखू लागले म्हणजे तो आपोआप थांबतो. विजेचे हात दुखत नाहीत, हीच या यंत्राची खरी अडचण आहे.

सगळ्यांत जवळ उभ्या असलेल्या एका मनुष्याविषयी लिहावयाचे राहिले. टेम्पोवर त्या भिंतीमागे जो साउंडवाला बसतो, आणि पेट्या उतरविणारी जी दोनचार पोरे तिच्या कडेला लोंबकळत असतात, त्यांच्या कानांची कोणी चौकशी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मनुष्याच्या एकेका कानात आवाज टिपणाऱ्या पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केसाळ पेशी असतात व एकदा मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. कारखान्यात ८५ डेसिबलांच्या आवाजात आठ तासांहून अधिक वेळ मनुष्यास ठेवू नये असा वैद्यकीय संकेत आहे; त्यापुढे तीन-तीन डेसिबलांस ही मुदत निम्म्याने घटते. या हिशेबाने १०० डेसिबलांत एक पाव तास मिळतो. मिरवणूक दहा तास चालते. आमच्या वर्गात काही वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी होता. फीच्या पैशांसाठी मोसमात पेट्या चढविण्या-उतरविण्याचे काम करी. पहिल्या बाकावर बसू लागला तेव्हा आम्हांस त्याच्या अभ्यासूपणाचे कौतुक वाटले होते. पुढे त्याने सांगितले की उत्सव संपल्यावरही कानात पंधरा-पंधरा दिवस शिटी वाजत राहते, आणि हल्ली मागून ऐकू येत नाही. अद्यापि तो तेच काम करतो. आता त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. मिरवणुकीच्या आधी पेट्या नीट वाजतात की नाहीत हे पाहावयाचे झाले, की तो प्रत्येक पेटीवर तळहात ठेवून पाहतो.